स्ट्रॉबेरीवरचं चॉकलेट घसरतं कशामुळे?

मागच्या अंकात चॉकलेटात बुडवलेल्या स्ट्रॉबेरीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे. मी वाईची. पसरणीचा घाट उतरून स्ट्रॉबेरीच्या पेट्या आधी आमच्या बाजारात येतात. गेली बावीस वर्षं घरी चॉकलेटं करते आहे आणि शिकवतेही आहे. खाली जे सांगते ते सगळं हाताखालून गेलेलं आहे.

ताई, लेकीच्या वाढदिवसाला स्ट्रॉबेरी डार्क चॉकलेटात बुडवल्या आणि फ्रिजमध्ये ठेवल्या. दोन तासांनी काढल्या तर वर दव पडल्यासारखे थेंब. खाताना कवच सालपटासारखं निघून हातात आलं. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांवर पांढुरके डाग. कुठं चुकलं? — एक वाचक, सोलापूर

तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी पाणी आहे.

आधी कवच का सुटलं ते बघू. तुम्ही स्ट्रॉबेरी धुऊन फ्रिजमध्ये ठेवल्या आणि थंडगारच बुडवल्या असणार. थंड फळ बाहेर काढलं की त्याला घाम येतो. डोळ्यांना दिसतही नाही इतका पातळ ओलावा, पण चॉकलेट त्याला धरत नाही. शिवाय गार फळावर चॉकलेट भर्रकन थिजतं आणि आकसतं, मग तडकतं. म्हणून स्ट्रॉबेरी पाण्यात भिजत ठेवू नका. वाहत्या पाण्याखाली झटपट धुवा, देठाची हिरवी टोपी तशीच राहू द्या. जुन्या सुती पंचावर एकेक सुटी मांडा, वरून दुसऱ्या कापडाने हलकेच टिपा आणि तासभर पंख्याखाली राहू द्या. टोपीच्या पानांखाली पाणी दडून बसतं, तिथं कापडाचं टोक घालून टिपायला विसरू नका. फळं निवडताना घट्ट बघून घ्या. कॅमरोझा जातीची फळं या कामाला छान, कारण ती कडक असतात. स्वीट चार्ली गोड खरी, पण मऊ. ती नुसतीच खावी.

आता थेंब आणि डाग. फ्रिजमधून काढलेल्या चॉकलेटवर हवेतली वाफ बसते. ते पाणी वरची साखर विरघळवतं, आणि सुकलं की साखर पांढरी होऊन मागे राहते. डागावर बोट फिरवून बघा. खरखरीत लागलं तर ही साखर. बोटाच्या उबेने डाग पुसला गेला तर तो चॉकलेटातल्या स्निग्धाचा, म्हणजे चॉकलेट नीट थिजलेलंच नाही. खायला दोन्ही निर्धोक आहेत, पण पाहुण्यांपुढे ठेवायला मन होत नाही हे मला कळतं.

नीट थिजणं म्हणजे काय, ते सांगते. तुम्ही घरी तूप कढवत असाल. सावकाश निवू दिलं तर ते रवाळ होतं, घाईने गार केलं तर गुळगुळीत. तूप तेच, थिजण्याची तऱ्हा वेगळी. चॉकलेटातलं कोको बटर तर सहा तऱ्हांनी थिजू शकतं आणि त्यातली एकच आपल्या कामाची, पाचवी. त्या तऱ्हेने थिजलं तरच चकाकी येते, मोडताना कट्कन आवाज होतो आणि हाताला लगेच चिकटत नाही. ते वितळतं 33-34 अंशांना, आपल्या अंगाच्या उष्णतेच्या जरासं खाली. म्हणून तर जिभेवर ठेवताच विरघळतं.

घरी ही तऱ्हा साधायची सोपी रीत अशी. 300 ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा. त्यातलं 200 ग्रॅम कोरड्या स्टीलच्या वाडग्यात घ्या आणि वाडगा गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवा. पाणी उकळतं नको, नुसतं वाफाळतं, आणि वाडग्याच्या बुडाला न लागणारं. 45 अंशांपर्यंत वितळवा. वाडगा उचललात की बूड आधी फडक्याने पुसा, नाहीतर तिथला थेंब ओघळून चॉकलेटात जातो. मग उरलेलं 100 ग्रॅम तीनदा थोडं थोडं घालून ढवळत राहा. हे चॉकलेट विरजणासारखं काम करतं. त्याच्यात पाचवी तऱ्हा आधीपासून असते आणि बाकीचं तिचंच वळण उचलतं. 31-32 अंशांवर आलं की बुडवायला तयार. मिल्क चॉकलेट असेल तर 29-30. थर्मामीटर खरंच घ्या, स्वयंपाकाचा साधा डिजिटल पुरतो. आणि सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवून बघा. गार खोलीत पाचेक मिनिटांत चकाकत सुकलं की जमलं. 33 च्या वर गेलं तर मात्र पुन्हा पहिल्यापासून.

बुडवताना टोपीची पानं मागे वळवून चिमटीत धरा. स्ट्रॉबेरी तिरकी आत न्या, एक गिरकी द्या, उचला, दोनदा झटका. तळ वाडग्याच्या कडेला पुसून घ्या. बटर पेपरवर ठेवल्यावर अर्ध्या मिनिटाने इंचभर पुढे सरकवा. एवढ्याने खाली चॉकलेटचा पसरट पाय तयार होत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली हे सरकवणं विसरतात आणि मग सगळ्या स्ट्रॉबेऱ्या चपला घालून बसल्यासारख्या दिसतात.

सोलापुरात फेब्रुवारीतली दुपार तापलेली असते, तेव्हा पहाटे करा किंवा एसी 22 वर लावून करा. अगदीच थिजेना तर झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये, दहा मिनिटं फक्त. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. आणि ज्या दिवशी कराल त्याच दिवशी संपवा. कवचाच्या आत स्ट्रॉबेरी रस सोडत असते, रात्रभर ती थांबत नाही.

बाजारात 'कंपाउंड' मिळतं, ते स्वस्त आहे आणि तापमानाची कटकट नाही म्हणतात. तेच वापरलं तर काय बिघडलं? आणि आमच्याकडे स्ट्रॉबेरी येत नाही, मग काय बुडवू? — एक वाचक, रत्नागिरी

बिघडत काही नाही, पण ते काय आहे हे माहीत असू द्या. पाकीट उलटं करून मागचं वाचा. कोको बटर लिहिलेलं असेल तर खरं चॉकलेट. कोको बटरच्या जागी वनस्पती तेल किंवा हायड्रोजनेटेड फॅट असेल तर कंपाउंड. ते वितळवलं, बुडवलं, थिजलं. शिकताना, लहान मुलांबरोबर करताना मीही वापरते. पण त्याचा लेप टाळूला मेणासारखा राहतो, आणि कोकोचा सुगंध तितका खुलत नाही. आपल्या माणसाला द्यायचं असेल तर खरं घ्या, थोडं कमी करा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. दोन्ही मिसळू नका. 2009 च्या दिवाळीत माझ्याकडे तीन किलो बदामाच्या चॉकलेटांची ऑर्डर होती. शेवटच्या घाण्याला खरं चॉकलेट कमी पडलं, घरात कंपाउंड होतं, ते 400 ग्रॅम ढकललं. करताना सुरेख दिसत होतं. तिसऱ्या दिवशी त्या घाण्यातल्या एकेक तुकड्यावर राखेसारखी साय. दोन्ही स्निग्धांचं आपसात जमत नाही, ते हळूहळू पृष्ठावर येऊन पांढरं होतं. तोवर डबे घरोघरी पोचले होते. मी घरोघरी जाऊन ते परत आणले आणि पाडव्याच्या आदल्या रात्री जागून नव्याने करून दिले. तेव्हापासून माझ्याकडे दोन्हींचे वाडगेसुद्धा वेगळे आहेत.

काय बुडवू म्हणता, तर अहो, तुमच्याकडे आंबापोळी आहे! त्या साठाचे, म्हणजे आंबापोळीचे, बोटभर लांब पट्टे कापा आणि अर्धा भाग डार्क चॉकलेटात बुडवा. आंब्याचा आंबटगोडपणा आणि कोकोचा कडसरपणा, वर मिठाचे दोन खडे. मला स्ट्रॉबेरीपेक्षाही हे आवडतं, आणि ते टिकतंही, कारण आंबापोळी कोरडी असते. फणसपोळीचंही तसंच. काजू मंद आचेवर भाजून पूर्ण निवू द्या, मग बुडवा. गरम काजू घातलात तर चॉकलेटचं तापमान वर जातं आणि आधीची सगळी मेहनत वाया. दाण्याची चिक्कीही छान लागते, फक्त ती कुरकुरीत हवी. दमट हवेत चिघळलेली नको.

चॉकलेट वितळवताना अचानक चिखलासारखं घट्ट गोळा झालं. आणखी तापवलं तर अजूनच बिघडलं. सगळं टाकून द्यावं लागलं. — एक वाचक, पुणे

काका, टाकायला नको होतं. त्यात पाण्याचा थेंब गेला, नाहीतर ओला चमचा. चॉकलेटात साखरेचे बारीक कण स्निग्धात तरंगत असतात. थेंबभर पाण्याने ते ओले होऊन एकमेकांना चिकटतात, पिठीसाखरेत चमचाभर पाणी घातल्यासारखे. गंमत अशी की थोडं पाणी बिघडवतं आणि जास्त पाणी सावरतं. शंभर ग्रॅमला दोन-तीन मोठे चमचे गरम दूध किंवा साय घालून घोटा, छान सैलसर सॉस होईल. बुडवायला तो चालणार नाही, कारण तो कडक थिजत नाही. पण आइस्क्रीमवर घाला, पोळीला लावून मुलांना द्या. पुढच्या वेळी वाडगा, चमचा, उलथनं, सगळं हाताने चाचपून कोरडं आहे ना बघा. आणि वितळवताना वाडग्यावर झाकण कधीच नाही. वाफेचं पाणी तिथूनच पडतं.

कोको पावडर, पिठीसाखर आणि साजूक तूप एकत्र करून घरीच चॉकलेट केलं तर त्यात बुडवता येईल का? — एक वाचक, लातूर

नाही जमणार. तूप आपल्या हवेत मऊच राहतं, कवच धरणार नाही. आणि पिठीसाखर कितीही चाळली तरी जिभेला कचकच लागते. 1879 साली स्वित्झर्लंडमध्ये रोडोल्फ लिंड्ट यांनी चॉकलेट तासन्‌तास घोटणारं यंत्र काढलं, तेव्हापासून चॉकलेट इतकं मुलायम लागायला लागलं. आपल्या मिक्सरचं ते काम नाही. तुमच्या मिश्रणात खवा घाला आणि झकास बर्फी करा.

घरात कुत्रा आहे, तो मागे लागतो. एखादा तुकडा दिला तर चालेल का? — एक वाचक, ठाणे

अजिबात नाही. कोकोतलं थिओब्रोमिन कुत्र्यांच्या अंगातून लवकर बाहेर पडत नाही, ते त्यांना विषारी आहे, आणि डार्क चॉकलेटात ते जास्त असतं. खाल्लंच तर वाट बघत बसू नका, लगेच पशुवैद्याला फोन करा.

नातीचा वाढदिवस मेमध्ये असतो. नागपूरच्या उन्हाळ्यात चॉकलेट हातात धरवत नाही. मला तिच्यासाठी काहीतरी बुडवून करायचंच आहे. सुचवाल का? — एक आजी, नागपूर

काकू, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दोन गोष्टी सुचवते.

पहिली मार्चमध्ये करून ठेवायची, मृग बहाराची संत्री बाजारात असतात तेव्हा. साली जाडसर निवडा, बोटभर पट्ट्या कापा. पाण्यात उकळा, पाणी फेका, असं तीनदा. कडवटपणा निघतो. मग सालींइतकीच साखर आणि निम्मं पाणी घेऊन मंद आचेवर शिजवा, साली काचेसारख्या पारदर्शक दिसेपर्यंत. जाळीवर दोन दिवस सुकू द्या आणि हवाबंद डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. मेमध्ये एसीच्या खोलीत पहाटे त्यांची टोकं डार्क चॉकलेटात बुडवा.

दुसरी म्हणजे कुल्फी, आणि हिच्यासाठी चॉकलेट सांभाळायची गरजच नाही. 200 ग्रॅम डार्क चॉकलेट वितळवून त्यात तीन मोठे चमचे खोबरेल मिसळा. खाण्याचं, चांगल्या वासाचं. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं, मेमध्ये बाटलीत पाण्यासारखं असतं ते याचमुळे. पण फ्रीजरमधून काढलेल्या कुल्फीवर ते तत्क्षणी थिजतं. मिश्रण उंच, अरुंद ग्लासात ओता आणि कोमट होऊ द्या. गरम असलं तर कुल्फी ओघळते. काडी धरून कुल्फी सरळ खाली सोडा, लगेच वर काढा, दहा आकडे मोजा. ओलसर चमक जाऊन मंद झाली की कवच तयार. चमक जायच्या आत वरून बदामाचे काप भुरभुरवा, नंतर ते चिकटत नाहीत. बुडवलेल्या कुल्फ्या परत फ्रीजरमध्ये ठेवता येतात, तेव्हा आदल्या दिवशीच करून ठेवा. पण दोन-तीन शिल्लक ठेवा आणि नातीच्या समोर बुडवा. ग्लासातून वर येताना ते काळं पाणी काडीवर थिजतं, ते तिने बघायला हवं.