टाइल्सचं बिल कुणाच्या नावावर?

प्रश्न : मी फोंड्यात राहते. पणजीतल्या एका इंटिरिअर फर्ममधली नोकरी सोडून ऑक्टोबरपासून स्वतःची कामं घेऊ लागले आहे. घरमालक माझी फी आणि सामानाचे पैसे एकत्रच माझ्या खात्यात पाठवतात. त्यातूनच मी टाइल्सवाल्याचे, सुताराचे पैसे भागवते. एका कंपनीने १,२०,००० रुपयांच्या बिलातले १२,००० कापून घेतले. जीएसटीबद्दल जो तो वेगळंच सांगतो. हिशेब ठेवायचा तरी कसा?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : कापलेले १२,००० रुपये तुमचेच आहेत. तो टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून तुमच्या नावावर सरकारकडे भरायचा प्राप्तिकर. तुमच्या पॅनवर तो जमा झाला की नाही, हे प्राप्तिकराच्या पोर्टलवर २६एएस या कर-जमेच्या उताऱ्यात दिसेल. दिसला नाही तर कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांना लगेच विचारा. वहीत मात्र १,२०,०००च लिहायचे, हातात आलेले १,०८,००० नव्हेत. रिटर्न भरताना हा टीडीएस करातून वजा होतो, आणि कर त्याहून कमी निघाला तर उरलेली रक्कम परत मिळते.

माझा जीव अडकलाय तो तुमच्या पत्रातल्या ‘एकत्रच’ या शब्दात. तिसवाडी-बार्देशात एकट्याने इंटिरिअरची कामं घेणारी बरीच मुलं-मुली माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांची गाठ इथेच बसलेली असते.

समजा, वर्षभरात तुमची फी ९ लाख झाली आणि ग्राहकांच्या सामानाचे २४ लाख तुमच्या खात्यातून फिरले. टाइल्स, प्लायवूड, हार्डवेअरची बिलं तुमच्या नावावर असतील तर तुमची जमा ३३ लाख धरली जाण्याचा धोका आहे. इंटिरिअर डेकोरेशनला प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४४एडीएची अंदाजित उत्पन्नाची सोय मिळते : जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, खर्चाचा तपशील द्यावा लागत नाही. (प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त उरलं तर ते दाखवायचं.) पण ३३ लाखांचे निम्मे होतात साडेसोळा लाख. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत त्यावर सेससह (करावरच्या उपकरासह) १,३५,२०० रुपये कर बसतो. नुसत्या फीचे निम्मे साडेचार लाख. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत सूट असल्यामुळे त्यावर कर शून्य! निम्म्याहून कमी दाखवायचं तर रीतसर पुस्तकं आणि ऑडिट आलं.

जीएसटीचंही तसंच. गोव्यात सेवेसाठी मर्यादा वर्षाला २० लाखांची. नऊ लाखांच्या फीला नोंदणीची गरज नाही. ३३ लाख तुमचे धरले तर ती चुकत नाही. सावंतवाडीला एखादं काम मिळालं म्हणून घाबरू नका, दुसऱ्या राज्यात नुसती सेवा दिली तरी २० लाखांची सवलत राहते. माल विकू लागलात तर मात्र नियम वेगळे.

म्हणून पुढच्या कामापासून कोटेशनमध्येच लिहा : सामानाचं बिल घरमालकाच्या नावावर, पैसे त्यांनीच दुकानदाराला द्यायचे. बार्देशातले व्हिला बहुतेक मुंबई-दिल्लीच्या लोकांचे, मालक इथे नसतो, ही अडचण मला ठाऊक आहे. पण पैसे तर ते ऑनलाइनच पाठवतात, मग थेट दुकानदाराला पाठवू देत. सुताराचा करारही मालकाशीच करून द्या. सुरुवातीला लोक कुरकुरतील, तरी हे सोडू नका. झालेल्या कामांची बिलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप जपून ठेवा. पैसे कुणाच्या सांगण्यावरून कुठे गेले, त्याचा पुरावा तोच.

बाकी थोडक्यात. कामासाठी वेगळं बँक खातं उघडा. घरभाडं, किराणा त्यातून नको. बिलांना क्रमांक द्या. ४४एडीएच्या सोयीत पुस्तकं ठेवायची सक्ती नाही, तरी रोजची जमा-खर्च वही लिहाच. उद्या गाडीला कर्ज काढायला गेलात की बँक तीच मागेल. ऑक्टोबरच्या आधीचा पगारही याच वर्षाच्या रिटर्नमध्ये येतो, तेव्हा जुन्या फर्मकडून फॉर्म १६ (पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) मागून घ्या. टीडीएस वजा जाऊन १०,००० किंवा जास्त कर उरत असेल तर आगाऊ कर, म्हणजे वर्ष संपायच्या आतच, भरायचा. अंदाजित उत्पन्नवाल्यांना तो १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. शिगम्याच्या गडबडीत ही तारीख हमखास विसरते, म्हणून फेब्रुवारीतच वही घेऊन एखाद्या सीएकडे जाऊन या.