वेबअसेंब्ली हळू वाटतंय? आधी डेव्हटूल्स बंद करून मोजा

तुमचा प्रश्न मला असा समजला: मशीद बंदरच्या व्यापाऱ्यांसाठी पावत्यांचे फोटो साफ करणारा सीप्लसप्लस कोड तुम्ही एमस्क्रिप्टन या कंपायलरने वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझरमध्ये वेगाने चालणाऱ्या बायनरी रूपात, आणलात. लॅपटॉपवर तो झटकन चालायचा, क्रोममध्ये मात्र वेळ मोजणारं कन्सोल.टाइम भलतेच मोठे आकडे दाखवतंय. प्रोफाइल (कुठल्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला याची नोंद) काढलं तर फंक्शनच्या नावाऐवजी नुसतं ‘वाझम-फंक्शन’ आणि पुढे एक क्रमांक. दोन्ही अडचणी सुटतात, पण कोडला अजून हात लावू नका. तो आकडा खरा आहे की नाही, हे आधी पाहायला हवं.

क्रोममध्ये डेव्हटूल्स, म्हणजे डेव्हलपरांसाठीचं तपासणीचं पॅनेल, उघडं असलं की वेबअसेंब्लीचा कोड मुद्दाम बिनऑप्टिमाइझ रूपात चालवला जातो, म्हणजे ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवायच्या खुणा) वगैरे लावता यावेत. हे रूप बरंच हळू असतं. त्यामुळे कन्सोल उघडा ठेवून घेतलेल्या आकड्यावरून ग्राहकाला किती वेळ लागेल याचा काहीच अंदाज येत नाही. डेव्हटूल्स बंद ठेवून पान चालवा, काम पूर्ण होऊ द्या आणि मग उघडून आकडा वाचा. कुठल्या फंक्शनमध्ये वेळ जातोय हे पाहायचं असेल तर परफॉर्मन्स पॅनेलमधून रेकॉर्ड करा. त्या रेकॉर्डिंगच्या वेळी कोड पूर्ण वेगाने चालतो. शिवाय २०१८च्या स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीच्या प्रकरणानंतर ब्राउझरांनी परफॉर्मन्स.नाऊचं घड्याळ जाणूनबुजून ढोबळ केलंय, म्हणून एकेक छोटं फंक्शन त्याने मोजत बसू नका. पूर्ण फोटोचं काम मोजा.

आता नावांचं. रिलीज बिल्डमध्ये नावं काढून टाकलेली असतात, म्हणून क्रमांक दिसतात. बरेच जण यावर लिंक करताना सरळ ‘जी’ फ्लॅग लावतात. त्याने डिबगची पूर्ण माहिती येते खरी, पण ती जपण्यासाठी बायनरियन या एमस्क्रिप्टनमधल्या ऑप्टिमायझरची काही ऑप्टिमायझेशन्स गाळली जातात. म्हणजे तुम्ही मोजता एक बिल्ड आणि ग्राहकाला देता दुसरी. ‘ओ-थ्री’ हा ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग तसाच ठेवा आणि लिंक करताना दोन डॅश देऊन ‘प्रोफाइलिंग-फंक्स’ जोडा. कोड ऑप्टिमाइझच राहतो, फंक्शनची नावं तेवढी टिकतात. तरीही एखादं छोटं फंक्शन यादीत सापडणार नाही, कारण ते इनलाइन होऊन, म्हणजे बोलावणाऱ्या फंक्शनमध्येच मिसळून, गेलेलं असतं आणि त्याचा वेळ बोलावणाऱ्या फंक्शनच्या खात्यावर पडतो. अगदीच अडलं तर तेवढ्यापुरतं त्याला ‘नोइनलाइन’ लावा आणि नंतर आठवणीने काढा.

प्रोफाइल वाचताना मी आधी बॉटम-अप टॅब उघडतो आणि सेल्फ टाइमवर, म्हणजे फंक्शनच्या स्वतःच्या वेळेनुसार, लावतो. मात्र तुमच्यासारख्या कामात मला पहिला संशय सीप्लसप्लसचा नसतो, तर जावास्क्रिप्ट आणि वेबअसेंब्लीच्या मधल्या वाहतुकीचा असतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो कॅनव्हासमधून (ब्राउझरमधल्या चित्रफलकातून) काढला की दर पिक्सेलला ४ बाइट धरून ४.८ कोटी बाइट होतात. ते वेबअसेंब्लीच्या मेमरीत कॉपी करायचे, निकाल परत कॉपी करून कॅनव्हासवर टाकायचा. पिक्सेल वाचणारी ‘गेट-इमेज-डेटा’ आणि ते कॉपी करणारी ‘सेट’ या ओळी यादीत वर दिसल्या तर तुमचा फिल्टर कितीही घासूनपुसून वेगवान केलात तरी फरक पडणार नाही. फोटोला खरोखर १२ मेगापिक्सेल हवेत का, हे आधी विचारा. पावती वाचायला बहुधा लागत नाहीत. प्रत्येक फोटोला नवीन मेमरी मागण्याऐवजी एकच बफर पुन्हा वापरा. एकाच कॅनव्हासमधून वारंवार पिक्सेल वाचत असाल तर कॉन्टेक्स्ट घेताना ‘विल-रीड-फ्रीक्वेंटली’ द्या. आणि फिल्टर पिक्सेलमागे एकदा जावास्क्रिप्टमधून बोलावला जात असेल तर ते आजच बदला. पूर्ण लूप सीप्लसप्लसमध्येच राहायला हवा.

पहिल्या वेळचा आकडा स्वतंत्र लिहून ठेवा. क्रोम आधी लिफ्टऑफ या कंपायलरने भराभर, साधा कोड तयार करतं आणि सतत लागणारी फंक्शन्स मागाहून टर्बोफॅन या दुसऱ्या कंपायलरने नीट ऑप्टिमाइझ करतं. बेंचमार्कवाले सुरुवातीचे आकडे टाकून देतात, पण तुमचा व्यापारी दिवसातून एखादीच पावती चढवत असेल तर त्याच्या दृष्टीने पहिली वेळ हीच खरी वेळ. म्हणून मॉड्यूल ‘इन्स्टँशिएट-स्ट्रीमिंग’ने (डाउनलोड होतानाच कंपाइल होत) लोड होतंय आणि सर्व्हर त्याला ‘ॲप्लिकेशन/वाझम’ हाच प्रकार देतोय, याची खात्री करा. कंपाइल केलेला कोड क्रोमने साठवून ठेवावा, यासाठीही हा मार्ग लागतो.

एक कळकळीची विनंती: हे सगळं नुसतं ऑफिसच्या लॅपटॉपवर तपासू नका. परफॉर्मन्स पॅनेलमधलं सीपीयू थ्रॉटलिंग अंदाजापुरतं ठीक आहे, पण ते तुमच्याच मशीनला मंद करतं, त्याचा फोन होत नाही. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एखादा जुना, स्वस्त अँड्रॉइड घ्या आणि लागलेला वेळ पानावरच छापा, म्हणजे डेव्हटूल्स जोडावंच लागणार नाही. मे महिन्यात मशीद बंदरच्या पंखा नसलेल्या गाळ्यात फोन तापतो आणि तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. म्हणून एकदा फोन गार असताना मोजा आणि एकदा बऱ्याच पावत्या सलग चालवून तो तापल्यावर.

हे आकडे आणि बॉटम-अपच्या वरच्या दहा ओळी इथे टाका. वेळ खरोखर तुमच्या पिक्सेलच्या लूपमध्येच जात असेल तर मग एसआयएमडीचं, म्हणजे एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर काम करण्याचं, बघू. सफारीत ते १६.४ आवृत्तीपासूनच आहे, त्यामुळे तुमच्या ग्राहकांपैकी कोणी जुना आयफोन वापरतं का, तेही विचारून ठेवा.