भयविनोदी नाटकासाठी नट निवडताना

तुझं नाटक जंगलातल्या शिबिरात घडतं, मुखवट्यातला खुनी एकेकाला मारत सुटतो. तरी ऑडिशनला विनोदी उतारा देऊ नकोस, भीतीचा दे. हातात टॉर्च, तंबूबाहेर सळसळ, संवाद एकच: ‘कोण आहे?’ आधी खरोखर घाबरून म्हणायला लाव. मग तेच शब्द, तीच भीती, फक्त एका पायात चप्पल नाही. दुसऱ्या वेळी जो मुद्दाम हसवायला जातो, तो बाद. आपण विनोदी आहोत हे पात्राला ठाऊक नसतं, म्हणून तर प्रेक्षक हसतो.

वाचन जोडीनेच घे. टायमिंग एकट्यात कळत नाही. किंकाळी सलग 3 वेळा मारायला सांग, तिसरीला घसा बसला तर प्रयोग निभणार नाही. शिबिरप्रमुख मात्र सगळ्यांत गंभीर चेहऱ्याचा हवा. मुखवट्यातल्या खुन्याची नुसती चाल बघ. आणि पहिल्या अंकात मरणाऱ्यांना पुढे दुसरी भूमिका दे, नाहीतर तालमीला दांड्या सुरू!