प्रतिपिंड ‘शोधलं’ की ‘निवडलं’?

एका अनुवादकाचा प्रश्न आहे: ‘इम्यून रिसेप्टर’ (परक्या वस्तूला ओळखून पकडणारं, पेशीवरचं प्रथिन) आणि ‘अँटिबॉडी डिस्कव्हरी’ (अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड, जंतूंना किंवा विषाला धरणारं रक्तातलं प्रथिन) मराठीत कसं लिहावं? त्यांनी लिहिलेलं वाक्य असं: ‘प्रतिरक्षा ग्राहींच्या संशोधनाद्वारे नवीन प्रतिपिंडांचा शोध लावण्यात आला.’ व्याकरण ठीक आहे, पण वाचून डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही, अशी त्यांची तक्रार. शेपटाला आणखी एक शंका: प्रतिपिंड तो, ती की ते?

शेपटापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे गंमत आहे. ‘पिंड’ एरवी पुल्लिंगी. ‘त्याचा पिंड कवीचा’, श्राद्धातला पिंडही तोच. शंकराची मात्र ती पिंड. आणि हाच शब्द शरीराच्या आत गेला की नपुंसकलिंगी होतो: ते मूत्रपिंड, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. प्रतिपिंड या तिसऱ्या रांगेत जाऊन बसलं, म्हणून ते प्रतिपिंड, ती प्रतिपिंडं. रांग चुकीची मिळाल्याचा तोटाही आहे. मूत्रपिंड, स्वादुपिंड यांच्या शेजारी उभं राहिल्यामुळे ते एखादा अवयव वाटतं. माझ्या एका मित्रानं रक्ततपासणीचा अहवाल वाचून गंभीरपणे विचारलं होतं, ‘हे पोटात नेमकं कुठल्या बाजूला असतं?’

दोष आपल्याकडच्या भाषांतरकाराचा नाही, गोंधळ मुळातच आहे. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं की धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषाला निष्प्रभ करणारं काहीतरी असतं. काय असतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिकच्या लेखनात ‘आंटिकोर्पर’ हा शब्द येतो. जर्मन ‘कोर्पर’ म्हणजे शरीर, पण त्या काळच्या रसायनशास्त्रात त्याचा साधा अर्थ ‘पदार्थ’ असाही होता. म्हणजे आंटिकोर्पर म्हणजे ‘विरोधी पदार्थ’, इतकंच. इंग्रजीनं त्याचं ‘बॉडी’ केलं आणि आपण ‘पिंडी ते ब्रह्मांडी’मधला पिंड उचलला. अर्थानं ‘प्रतिद्रव्य’ जास्त जवळचं, आणि काही जण ते वापरतातही. पण भौतिकशास्त्रवाले तो शब्द अँटिमॅटरसाठी घेऊन बसले आहेत. माझं मत: रूढ झालेलं प्रतिपिंड राहू द्यावं.

‘प्रतिजन’बद्दल मात्र सावध राहा. त्यातलं ‘जन’ म्हणजे जनता नव्हे, ‘उद्जन’मधलं जन, म्हणजे निर्माण करणारं. प्रतिजन म्हणजे ज्याच्यामुळे प्रतिपिंडं तयार होतात ते. पहिल्यांदा येईल तिथे हे अर्ध्या ओळीत सांगून टाकावं.

आता ‘ग्राही’. धातू ग्रह्, पकडणं. गुणग्राही, हृदयग्राही असे शब्द आपल्याला परके नाहीत. वैद्यांच्या कानाला मात्र तो वेगळा लागेल, कारण आयुर्वेदात ग्राही म्हणजे पातळ झालेला मळ बांधून आणणारं औषध. तरीही शब्द चांगला आहे, कारण रिसेप्टरचं काम खरोखर पकडण्याचंच असतं. ‘ग्राहक’ बाजारानं नेला, ‘स्वीकारक’ फारच सौजन्यशील. ‘रिसेप्टर’ लिहिलंत तरी कुणी अडणार नाही. फक्त एकाच परिच्छेदात दोन्ही नकोत. ‘प्रतिरक्षा’ मला जड वाटतं. वाचकाला ‘रोगप्रतिकार’ ओळखीचा आहे, तोच घ्या.

पण तुमच्या वाक्याची खरी अडचण याच्या पुढे आहे. त्यात ग्राही आणि प्रतिपिंड अशा दोन वेगळ्या वस्तू वाटतात. बी-पेशीपुरतं, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीपुरतं, बोलायचं तर वस्तू एकच आहे. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं तेच प्रथिन. बुडाशी पेशीच्या पडद्यात रुतवून ठेवणारी शेपटी असेल तर ग्राही, ती नसेल तर रक्तात मोकळं फिरणारं प्रतिपिंड. जनुकही तेच, त्यावरून निघणाऱ्या संदेशाची कापाकापी तेवढी वेगळी. एर्लिकनं १८९७च्या सुमारास जवळपास हेच चित्र मांडलं होतं: पेशीच्या अंगावर साखळ्या, त्यांत विष अडकतं, पेशी चिडून आणखी साखळ्या काढते आणि जास्तीच्या गळून रक्तात येतात. एका पेशीच्या अंगावर नाना प्रकारच्या साखळ्या असतात, हा त्याचा अंदाज मात्र चुकला. एका पेशीवर एकाच घडणीचा ग्राही, आणि जिचा ग्राही जुळला तिची पिलावळ वाढते, ही मांडणी १९५७ साली बर्नेट यांची. टी-पेशी या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशीचे ग्राही मात्र असे मोकळे सुटत नाहीत, त्यामुळे ते कायम ग्राहीच.

हे इतके ग्राही येतात कुठून, याचं उत्तर भाषेच्या माणसाला आवडेल असं आहे. हृ धातू एक. उपसर्ग बदलत गेलात की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. शरीरही असंच करतं. प्रतिपिंड जड आणि हलक्या अशा प्रथिनाच्या साखळ्यांचं बनतं. माणसाच्या प्रतिपिंडाच्या जड साखळीसाठी जनुकांचे तुकडे तीन गटांत असतात: व्ही गटात कामाचे सुमारे ४०, डी गटात २०हून थोडे जास्त आणि जे गटात ६. प्रत्येक गटातला एकेक उचलून जोडायचा. एवढ्यानं काही हजार जोड्या होतात. खरी चैन सांध्यांत आहे. जोडताना तिथली डीएनएची काही अक्षरं कुरतडली जातात आणि काही नवीच घुसडली जातात, कुठल्याही नियमाशिवाय. पाणिनीला घेरी येईल असा संधी! हलकी साखळीही अशीच जुळवली जाते, आणि दोन्ही मिळून होणारी विविधता मोजण्यापलीकडे जाते. जनुकांची ही फेरजुळणी सुसुमू तोनेगावा यांनी १९७६ साली दाखवली आणि १९८७चं नोबेल त्यांना मिळालं. एका माणसाजवळच्या अशा सगळ्या ग्राहींना मिळून ‘रेपर्ट्वार’ म्हणतात. त्याला ‘ग्राहीसंग्रह’ म्हणावं. गवयाजवळ चिजांचा संग्रह असतो, तसा.

म्हणजे प्रतिपिंडं अफाट संख्येनं आधीच आहेत. ‘डिस्कव्हरी’ म्हणजे त्यांतून उपयोगाचं एक हुडकून काढणं. ‘शोध लावला’ म्हटलं की मराठी वाचकाला वाफेचं इंजिन आठवतं, ‘शोध लागला’ म्हटलं की हरवलेलं मूल. दोन्ही इथे चालत नाही.

प्रयोगशाळेत काय करतात ते पाहिलं की क्रियापद आपोआप सुचतं. फेज डिस्प्ले नावाची पद्धत घ्या. जिवाणूंना ग्रासणारे कोट्यवधी विषाणू, प्रत्येकाच्या टोकाला वेगळ्या प्रतिपिंडाचा तुकडा आणि पोटात त्याच तुकड्याचं जनुक. प्लास्टिकच्या थाळीला प्रतिजन चिकटवायचं, वर हे मिश्रण ओतायचं, थोडा वेळ थांबायचं आणि मग धुवायचं. सैल असलेले वाहून जातात. चिकटलेले सोडवून जिवाणूंमध्ये वाढवायचे आणि पुन्हा ओतायचे. अशा तीन-चार धुण्यांनंतर घट्ट धरणारे थोडेच उरतात. इंग्रजीत याला ‘पॅनिंग’ म्हणतात, सोनं धुण्यावरून. आपल्याकडे याला अख्खा माणूस आहे: झारेकरी! सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारा. तेव्हा धुणं, वेचणं, निवडणं ही आपली क्रियापदं. या पद्धतीच्या वाटेनं आलेलं प्रतिपिंडाचं औषध अ‍ॅडालिमुमॅब २००२ साली अमेरिकेत संधिवातासाठी संमत झालं, आणि २०१८च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये या पद्धतीसाठी जॉर्ज स्मिथ आणि ग्रेगरी विंटर यांचा वाटा होता.

जाता जाता ‘मोनोक्लोनल’, म्हणजे एकाच क्लोनमधलं; क्लोन म्हणजे एका पेशीची हुबेहूब पिलावळ. क्लोनसाठी ‘कृंतक’ असा शब्द पारिभाषिक लेखनात दिसतो, म्हणून ‘एककृंतक प्रतिपिंड’. पण प्राणिशास्त्रात कृंतक म्हणजे उंदीर-घुशींचा गण. कोलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ साली अशी प्रतिपिंडं बनवली ती उंदराच्याच पेशी वापरून, त्यामुळे वाचकाचा गैरसमज अगदी पक्का व्हायची सोय आहे. मी ‘एकाच पेशीच्या वंशातलं प्रतिपिंड’ लिहितो. लांब आहे, पण उंदीर येत नाही.

औषधांच्या नावांतलं ‘मॅब’ (मोनोक्लोनल अँटिबॉडीचं लघुरूप) हे शेपूट मात्र तसंच ठेवा, भाषांतराच्या फंदात पडू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली नव्या नावांसाठी तेही बंद करून ‘टग’, ‘बार्ट’, ‘मिग’, ‘मेंट’ अशी चार शेपटं ठरवली आहेत.

आता तुमचं वाक्य. तुमच्या लेखात नमुने आजारातून बऱ्या झालेल्या माणसांचे असतील असं धरतो. मी असं लिहीन: ‘आजारातून बऱ्या झालेल्या माणसांच्या बी-पेशींवरचे ग्राही तपासून त्यांतून विषाणूला घट्ट धरणारी तीन प्रतिपिंडं निवडली.’ तीनाचा आकडा माझा आहे, तुमच्या लेखातला घाला. आणि ‘निवडण्यात आली’ लिहू नका. कुणी निवडली ते मूळ लेखात असेलच.