मिळकतकर वाढला म्हणून भाड्याचा फ्लॅट विकावा का?

तुमचं पत्र मिळालं. कोथरूडचा फ्लॅट 2008 साली तुम्ही दोघांनी मिळून 22 लाखांना घेतलात. आता पेठेतल्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत राहायला गेलात आणि फ्लॅट महिना 20,000 रुपयांनी भाड्याने दिलात. मिळकतकर मात्र 13,200 वरून 22,000 झाला. महापालिका दरवर्षी असंच ओरबाडणार असेल तर 75 लाखांना विकून मोकळं व्हावं का, असं विचारता.

आधी त्या 22,000 बद्दल. 22,000 चे 60 टक्के म्हणजे बरोबर 13,200. म्हणजे दर वाढलेला नाही. तुमची सवलत गेली आहे. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर करपात्र रकमेत 40 टक्के सूट मिळते. ही सूट 1970 पासूनची. मध्यंतरी सरकारने ती काढून घेतली होती, 2023 मध्ये परत दिली. त्याच वेळी देखभालीची वजावट मात्र 15 वरून 10 टक्क्यांवर आणली. घर भाड्याने दिलं की सूट संपते. उद्या परत तिथे राहायला गेलात तर पीटी-3 अर्ज भरून ती मागता येईल.

तरीही पुढे कर वाढेल ही तुमची धास्ती खोटी नाही. पूर्वी महापालिकेचा संसार जकातीवर चालायचा. 2013 मध्ये जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही फार टिकला नाही. 2017 पासून जीएसटीपोटी राज्य सरकार भरपाई देतं. हातचं उत्पन्न म्हणाल तर मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क, आणि दुसरं बिल्डरांच्या तेजी-मंदीवर हेलकावे खातं. खर्च मात्र एकाच दिशेने जातो: सातवा वेतन आयोग, खडकवासल्याचं पाणी टाक्यांपर्यंत चढवायची वीज, 2017 मध्ये आलेली 11 गावं आणि 2021 मध्ये आलेली 23. या गावांना ड्रेनेज हवं, रस्ते हवेत, पाणी तर आधी हवं. समान पाणीपुरवठ्यासाठी 2017 मध्ये 200 कोटींचे रोखे काढले, त्यांचं व्याजही भरायचं असतं. 2025-26 चं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं होतं. करवाढीचा प्रस्ताव मांडायचा आणि निवडणुकीकडे बघून फेटाळायचा, असं पुण्यात वर्षानुवर्षं चाललं. तुंबलेली वाढ कधीतरी एकदम येते, हे गृहीत धरा.

आता वाईटात वाईट धरू. कर दरसाल 8 टक्क्यांनी वाढला तर दहा वर्षांनी सुमारे 47,500 होईल. भाडं 5 टक्क्यांनी वाढलं तर तेव्हा महिना साधारण 32,500 येईल. आज भाड्याचा 9 टक्के भाग करात जातो, तेव्हा 12 टक्के जाईल. टोचेल, पण त्यासाठी कुणी घर विकत नाही. शिवाय तुम्ही भरलेला मिळकतकर भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो, आणि उरलेल्यावर आणखी 30 टक्के वजावट मिळते.

खरी दुखणी वेगळी आहेत. वर्षाचं भाडं 2,40,000. त्यातून कर 22,000, सोसायटी 30,000, रंगरंगोटी-प्लंबिंग 15,000 आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा एक महिना वजा केला की हातात 1,53,000 राहतात. 75 लाखांवर जेमतेम 2 टक्के! कर जुनाच, 13,200 राहिला असता तरी शंभर रुपयांमागे बारा पैसे जास्त मिळाले असते, इतकंच.

विकलात तर? जुन्या खरेदीला महागाई निर्देशांकाचा पर्याय आहे, म्हणजे खरेदीची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून नफा मोजता येतो. 2025-26 चा निर्देशांक धरला तर 22 लाखांचे सुमारे 60 लाख 40 हजार होतात. नफा 14 लाख 60 हजार, त्यावर 20 टक्क्यांनी 2 लाख 92 हजार कर, अधिक उपकर. (निर्देशांकाशिवाय 12.5 टक्क्यांनी 6 लाख 60 हजारांच्या पुढे जाल. तो रस्ता नको.) उरलेल्यातले प्रत्येकी 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी ठेवलेत तर वर्षाला 4,92,000 व्याज येतं, अर्थात करपात्र. फ्लॅटची किंमत वाढत राहील हे मान्य, पण तुम्हाला आता दरमहा हातात पैसा हवा, आणि वाढलेली किंमत विकल्याशिवाय हाती येत नाही.

म्हणून माझं मत विकण्याकडे झुकतं. मुलांपैकी कुणी पुण्यात परतून तिथे राहणार असेल तरच थांबा. चालू भाडेकरार संपेपर्यंत घाई नको. पण यंदाचं बिल मात्र मुदतीत भरा. उशिराला महिना 2 टक्के दंड आहे, आणि गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत पावती मागतं.