एक बिबट्या पकडला की त्रास थांबतो का?

प्रश्न : आमची वाडी राजापूर तालुक्यात रानाला लागून आहे. दिवाळीपासून बिबट्याने वाडीतले कुत्रे नेले, गेल्या महिन्यात पडवीत बांधलेली आमची गाभण शेळी नेली. बैठकीत कोणी म्हणतो पिंजरा मागवा, कोणी फासकी (तारेचा फास) लावायला निघालाय. हा एक पकडला तर त्रास थांबेल का?

उत्तर : गाभण शेळी जाणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. पण त्रास थांबणार नाही. वनपाल म्हणून याच जिल्ह्यात मी पिंजरे लावले आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो.

बिबट्या हद्द धरून राहतो. जुना नर उचललात की त्याची जागा घ्यायला तरणे नर येतात. त्यांना ना रान माहीत, ना माणसांच्या वेळा. जुन्नरला २००१पासून बिबटे पकडून लांब सोडले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तर आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते १७वर गेले होते. सोडलेला प्राणी तिथे राहतो असंही नाही. २००९मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला नर माळशेज घाटात सोडला. गळ्यातल्या पट्ट्यामुळे कळलं, तो सव्वाशेएक किलोमीटर चालून मुंबईजवळच्या रानात पोचला.

बंदुकीने प्राणी संपत नाही, असं मी म्हणणार नाही. आपल्या देशातला चित्ता संपला, १९५२मध्ये सरकारने तसं जाहीरच केलं. समूळ संपवता येतो, पण हवा तेवढाच कमी करून ठेवता येत नाही. अमेरिकेत कायोटी नावाच्या कोल्ह्यासारख्या प्राण्याला शंभराहून अधिक वर्षं गोळ्या, सापळे, विष घालून मारलं, तरी तो जवळजवळ सगळ्या खंडभर पसरला.

फासकी तर लावूच देऊ नका. क्लच वायर डुकराच्या वाटेवर लावतात, अडकतं वाट्टेल ते, तुमचं वासरूसुद्धा. कमरेत वायर रुतलेला बिबट्या मी जवळून पाहिलाय. तो जितका ओढतो तितकी ती मांसात जाते, आणि खुंटा उपटला तर समोरच्या माणसाची धडगत नाही. शिवाय बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षं कैद आहे.

माणसावर हल्ले करणाऱ्या बिबट्याची गोष्ट वेगळी. तिथे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीने पिंजरा लागतो, लागायलाच हवा.

तुमची पडवी उघडी आहे, खरी अडचण ती. शेळ्या रात्री चारही बाजूंनी बंद खोलीत घ्या, दार मजबूत हवं, वर कौलांखालची फट जाळीने बुजवा. नुसता दगडी गडगा तो सहज ओलांडतो. कुत्रेही आत घ्या. चिकनच्या दुकानाची घाण वाडीजवळ पडत असेल तर ती आधी बंद करा. तिच्यावर कुत्रे जमतात आणि कुत्र्यांमागे तो येतो.

पुन्हा जनावर गेलंच तर जागेवरून हलवू नका. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा १९२६वर कळवा, पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. गेल्या महिन्यातल्या शेळीची वर्दी दिली असेल, तर पंचनाम्याची प्रत आताच मागून घ्या.