रांगेतला हट्ट

प्रश्न : माझी ३ वर्षांची मुलगी कुठेही थांबावे लागले की मोबाइलसाठी हट्ट धरते. तिला कसे गुंतवावे?

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील मार्गदर्शनानुसार या वयात पडद्यासमोर बसण्याचा वेळ दिवसाला १ तासापेक्षा जास्त नसावा, त्यामुळे आपली चिंता रास्तच आहे. लहान मुलांना अशा वेळी खेळण्यापेक्षा काम दिलेले अधिक रुचते. म्हणून लाल कपडे घातलेली माणसे शोधणे, पायऱ्या मोजणे, रुमालाची सैल गाठ सोडवणे अशी कामे तिच्यावर सोपवावीत, आणि एकाचा कंटाळा येण्यापूर्वीच दुसरे सुचवावे. अर्थात, त्या वेळी आपला मोबाइलही पिशवीतच हवा. सोबत कोरी वही आणि जाड खडू ठेवावेत. स्केचपेन मात्र टाळावेत, त्यांची टोपणे हमखास हरवतात.